शिजवले कधी? खाल्ले कधी?

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या ओळखीच्या एका घरी लग्न होते. मुलगा कारखान्यात फिटर, मुलगी बालवाडीत शिक्षिका. हुंडा नाही, मानपान नाही, दोन्ही घरची माणसे समंजस. आदल्या दिवशी मुलाकडे हळद होती. हळदीला मटण, भाकरी आणि भात. वस्तीतली दोनशे माणसे पोटभर जेवली आणि रात्री बारापर्यंत बायकांची गाणी चालली. यजमानांचा हात सढळ, त्यामुळे मोठ्या पातेल्यात जवळजवळ निम्मा रस्सा उरला. मांजर-कुत्र्याने तोंड घालू नये म्हणून त्यावर घट्ट झाकण बसवले, झाकणावर दगड ठेवला आणि पातेले मंडपाच्या कोपऱ्यात गेले.

सकाळी नऊच्या सुमारास मंडपवाली पोरे, भांडी घासायला आलेल्या बाया, बाहेरगावचे पाच-सहा पाहुणे आणि घरची काही माणसे यांना हाच रस्सा भाकरीबरोबर वाढला. गडबडीत गॅस मिळेना, म्हणून तो नुसता कोमट केला होता. खाणारे म्हणाले, रात्रीपेक्षा आत्ता चव छान आहे, मसाला चांगला मुरलाय. दुपारी लग्न व्यवस्थित लागले. जेवणाच्या पंगती उठल्या. नवरी सासरी आली.

संध्याकाळी सात वाजता पहिल्यांदा नवऱ्या मुलाचा मामा पोट धरून बसला. पोटात पिळवटणाऱ्या कळा आणि पाण्यासारखे जुलाब. आठपर्यंत आणखी पाच जण. रात्री दहापर्यंत १९ माणसे झाली. वस्तीतल्या सार्वजनिक संडासापुढे बादल्या घेऊन रांग लागली. दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले आणि सलाईन लावावे लागले.

आता पुढचे ऐका. पोट बिघडले ते बिघडले, पण त्याहून जास्त बिघडली ती माणसांची जीभ. कुणी म्हणाले, मटणवाल्याने शिळे मटण दिले. कुणी म्हणाले, दुपारच्या जेवणातली बुंदी खराब होती. एकीने हळूच सांगितले की, सकाळी रस्सा वाढायला मुलाची आत्या होती, ती विधवा, तिच्या हातचे ज्याने खाल्ले तोच आजारी पडला, बघा! आणि दुसरीने त्याच्याही पुढे जाऊन नव्या नवरीचा पायगुण काढला. घरात पाय टाकला आणि घर आजारी. बाबासाहेबांचे फोटो भिंतीला लावलेल्या घरात, पदवीपर्यंत शिकलेल्या बायका हे बोलत होत्या. त्या रात्री नवरी न जेवता कोपऱ्यात बसून होती, हे आम्हाला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिण्याआधी एक साधी गोष्ट केली. प्रत्येकाला त्यांनी दोनच प्रश्न विचारले. काय काय खाल्ले, आणि किती वाजता खाल्ले? एका कागदाच्या पाठीमागे त्यांनी रेघा मारून तक्ता केला. मंडपवाली चार पोरे दुपारच्या पंगतीला थांबलीच नव्हती, म्हणजे बुंदीचा दोष नाही. रात्री तेच मटण दोनशे जणांनी खाल्ले होते आणि नुसते रात्री खाल्लेल्यांपैकी कुणालाही काही झाले नव्हते, म्हणजे मटणवाल्याचाही नाही. १९ च्या १९ जणांनी सकाळी नऊ-साडेनऊला रस्सा खाल्ला होता. आत्याबाईंच्या हातचे खाणारे आजारी पडले ही गोष्ट खरी, पण त्याचे कारण आत्याबाईंचा हात नव्हे, पातेले होते. आणि नवरी तर सकाळी नऊला स्वतःच्या माहेरी होती!

रस्सा तपासायला शिल्लक नव्हता, पातेले केव्हाच घासून झाले होते. त्यामुळे जंतूचे नाव प्रयोगशाळेच्या कागदावर आले नाही. पण मोठ्या पातेल्यातले मांस, रात्रभर बाहेर, नीट न तापवता वाढलेले, खाल्ल्यावर नऊ-दहा तासांनी कळा आणि जुलाब, उलटी फारशी नाही, ताप नाही, एवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स नावाच्या जंतूचा संशय येईल. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, त्याची रीत लक्षात ठेवा.

हा जंतू मातीत असतो, जनावरांच्या आणि माणसांच्याही आतड्यात असतो. कच्च्या मटणाबरोबर तो येतोच. रस्सा रटरटा उकळला की त्यातले बहुतेक जंतू मरतात. पण काही जंतू स्वतःभोवती टणक कवच करून बसतात. त्यांना बीजाणू म्हणतात. उकळीने हे कवच फुटत नाही. वीस-पंचवीस किलोंचे पातेले, त्यावर झाकण, वर मे महिना. असे पातेले रात्रभरात थंड होत नाही, कोमटच राहते. अशा उबेत बीजाणू जागे होतात. उकळताना रस्श्यातली हवा निघून गेलेली असते, आणि या जंतूला नेमकी हवा नको असते. मनासारखी ऊब मिळाली की एकाचे दोन व्हायला त्याला दहा मिनिटांच्या आसपास वेळ पुरतो. हिशेब करून पाहा. एका जंतूचे तासाभरात ६४, दोन तासांत चार हजारांवर, तीन तासांत अडीच लाखांवर. आणि तो रस्सा तर रात्री बारापासून सकाळी नऊपर्यंत तसाच होता.

वास आला का? नाही. बुरशी दिसली का? नाही. चव बिघडली का? उलट वाढली. वाचक भगिनींनो, या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. आपण सगळ्या पातेल्यावरचे झाकण काढतो, नाक जवळ नेतो आणि म्हणतो, चांगले आहे, खा. आंबूस वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जंतू वेगळे. नाक पहिल्यांना ओळखते, दुसऱ्यांना ओळखत नाही. म्हणून अन्नाला वास विचारू नका, वेळ विचारा. शिजवले कधी? तेव्हापासून ते कुठे होते? खाल्ले कधी?

हेच उरलेले मटण सकाळी चांगले बुडबुडे येईपर्यंत, खालीवर ढवळत, दोन-चार मिनिटे रटरट उकळले असते, तर बहुधा हा प्रसंग टळला असता, कारण या जंतूचे जिवंत सैन्य पोटात गेले तरच तो त्रास देतो. पण हा नियम सगळीकडे लावू नका. इथेच पुष्कळजणी फसतात.

उरलेल्या भाताचे पाहा. रात्रीचा भात उरला की सकाळी फोडणीचा भात, हे आपल्या घराघरात चालते. आमच्याही घरी होतो. तांदळात बॅसिलस सिरीअस नावाचा जंतू बीजाणूच्या रूपात असतो. भात शिजला तरी तो मरत नाही. भात पातेल्यात तसाच उबदार राहिला तर तो वाढतो आणि वाढताना भातात विष सोडतो. सकाळी तुम्ही कढीपत्ता, मोहरी, मिरची घालून कडकडीत फोडणी दिली तर जंतू मरेल, पण विष तसेच राहील. उकळीला ते दाद देत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. क्वचित एखाद्याच्या यकृतावरही त्याचा घाव बसतो.

दुसरा असाच स्टॅफिलोकोकस. हा तर आपल्याच अंगावर राहतो. नाकात, घशात, कातडीवर, आणि जिथे गळू, फोड किंवा नखुर्डे पिकलेले आहे तिथे तर भरपूर. बोट कापलेल्या हाताने खीर ढवळली, पेढे वळले, पनीर कुस्करले, की तो त्यात उतरतो. दूध, खवा, पनीर, अंडी, शिजवून मग हाताने तोडलेले चिकन ही त्याची आवडती घरे. तोही विष सोडतो आणि ते विषही उकळून जात नाही. म्हणजे 'पुन्हा गरम केले, आता काही होत नाही' हे म्हणणे काही अन्नाच्या बाबतीत खरे आणि काहींच्या बाबतीत सपशेल खोटे. ताईंनो, तुम्हाला जंतू ओळखता येणार नाही. म्हणून जास्त वेळ बाहेर राहिलेले ओले अन्न तापवून वाचवण्याचा नादच सोडलेला बरा.

जास्त वेळ म्हणजे किती? शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, असे जाणकार सांगतात. उन्हाळ्यात त्याहूनही कमी. ५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता जंतूंना मानवते. त्याहून गार किंवा त्याहून गरम असले की त्यांची वाढ मंदावते किंवा थांबते. आपल्या घरातला मे महिना चाळीस अंशांचा, म्हणजे जंतूंचा पाळणाच. आता कुणी म्हणेल, पहाटे पाचला डबा करून दुपारी दीडला खाणाऱ्या कामगाराने काय करावे? प्रश्न रास्त आहे. त्याला दोन तासांचा नियम सांगणे म्हणजे चेष्टा होईल. तिथे डब्यात काय द्यायचे ते बदलता येते. वाफाळता भात आणि वरण घट्ट डब्यात कोंबले की ते चार-पाच तास कोमट राहतात. त्यापेक्षा भाकरी किंवा पोळी, सुकी भाजी, शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, ठेचा, लोणचे हे जास्त टिकते. ओल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, कोरड्या, खारट, आंबट अन्नात त्यांना जड जाते. आपल्या आज्या शेतावर जाताना भाकरी-चटणी फडक्यात बांधून नेत, भात नेत नसत. भात परवडत नसे हे एक कारण, पण पोटही सांभाळले जाई. भात रात्री घरी येऊन गरम खावा.

फ्रीज आता बऱ्याच घरांत आला आहे. पण काही घरी वीजबिल वाचवण्यासाठी रात्री तो बंद करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. रात्रभर बंद फ्रीज म्हणजे दार लावलेले कपाट. त्यात ठेवलेल्या चिकनचा भरवसा धरू नका. तसेच गरम पातेले जसेच्या तसे आत ढकलले तर कडेने गार होते आणि मध्ये कित्येक तास कोमट राहते. उरलेला भात आधी परातीत पसरून निववा, रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत वाटून घ्या आणि मग आत ठेवा. कच्चे मटण-चिकन खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचे पाणी शिजलेल्यावर गळणार नाही. चिकन कापलेल्या सुरीने लगेच कोशिंबिरीची काकडी चिरू नका. एवढे सांगून हा भाग पुरा करतो, कारण हात धुणे, पाणी उकळणे या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत.

आता एक नाजूक विषय. आपल्या असंख्य भगिनी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करतात. रविवारी मालकिणीकडे पार्टी झाली की सोमवारी सकाळी फ्रीज उघडला जातो आणि प्लास्टिकच्या पिशव्या हातात पडतात. पनीरची भाजी, बिर्याणी, श्रीखंड. 'घेऊन जा गं, टाकवत नाही.' बहुतेकींच्या मनात वाईट काही नसते, हे आम्ही मान्य करतो. पण ते अन्न शनिवारी शिजले की रविवारी, टेबलावर किती तास उघडे होते, हे कुणी सांगत नाही आणि आपली बाई विचारत नाही. पिशवी घेऊन ती आणखी दोन घरची कामे करते. फ्रीजमधून सकाळी आठला निघालेली बिर्याणी दुपारी दोनला तिच्या लेकरांच्या ताटात पडते. त्या घरी कुणाला काही झाले नाही, कारण त्यांनी ती रात्री ताजी खाल्ली होती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि गावाचे उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले. त्यामागे स्वाभिमान होता, हे लहान मूलही सांगेल. पण त्यात आरोग्याचेही शहाणपण होते. त्याआधी १८८८ साली जर्मनीत फ्रँकेनहाउझेन या गावी एका आजारी गाईचे मांस लोकांनी खाल्ले, पुष्कळजण आजारी पडले आणि एक जण दगावला. ऑगस्ट गेर्टनर या शास्त्रज्ञाने गाईच्या मांसातून आणि त्या मृत माणसाच्या अवयवांतून एकच जंतू वेगळा काढून दाखवला. आज त्या जातीला साल्मोनेला म्हणतात. आपल्या पूर्वजांना मेलेल्या जनावराचे मांस खावे लागले ते आवड म्हणून नव्हे, दुसरे काही मिळत नव्हते म्हणून. आज मिळते. तेव्हा बिर्याणीची पिशवी हातात पडली की 'कधीची आहे, ताई?' असे विचारण्यात कसला उद्धटपणा? मनाला पटले नाही तर 'नको' म्हणता आले पाहिजे. उधार मागत नाही, पगाराचे काम करतो आपण.

सार्वजनिक कार्यक्रमांबद्दलही बोलले पाहिजे. वैशाख पौर्णिमेला ठिकठिकाणी खीरदान होते. वैशाख म्हणजे भर उन्हाळा. आम्ही असे मंडळ पाहिले आहे, जिथे खीर पहाटे चारला झाली, मिरवणूक लांबली आणि वाटप रात्री नऊला झाले. कार्यकर्त्यांची श्रद्धा आणि कष्ट मोठे, पण दुधाची खीर सतरा तास उभी! खीर करायची तर वाटपाच्या तास-दोन तास आधी करा, चुलीवर वाफाळती ठेवा, संपली की पुन्हा करा. ते जमणार नसेल तर बुंदी, चणे, केळी वाटा. ज्याच्या बोटाला जखम आहे किंवा ज्याला जुलाब होत आहेत त्या कार्यकर्त्याला मोठे मन करून झेंडे लावायच्या कामावर पाठवा. भाड्याची पितळी पातेली आणली तर आत कल्हई आहे ना ते बघा. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की तांबे उतरते आणि उलट्या होतात. कल्हईवाला आता दिसेनासा झाला, पातेली मात्र आहेत. त्यापेक्षा स्टीलची आणा.

हे सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या पंगतींत घडते. २० फेब्रुवारी २०२४ रोजी बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहातला प्रसाद खाऊन शेकडो माणसे आजारी पडली. खाटा पुरल्या नाहीत. झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवल्या आणि माणसांना उघड्यावर जमिनीवर झोपवून उपचार करावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेला अंदाज असा की, दूषित अन्नाने जगात वर्षाला ६० कोटी माणसे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. त्यात सव्वा लाख मुले पाच वर्षांखालची. म्हणून 'पोटच तर बिघडले' म्हणून सोडून देऊ नका.

लक्षणे घड्याळ लावून पाहावीत. अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत उलट्यांनी सुरुवात झाली तर अन्नात आधीच तयार झालेले विष असावे. हा त्रास जोराचा, पण बहुधा दिवसभरात ओसरतो. अर्ध्या दिवसाच्या आसपास कळा आणि जुलाब सुरू झाले तर हळदीच्या रस्श्यासारखा प्रकार. एक-दोन दिवसांनी ताप, अंगदुखी, जुलाब असे सगळे आले तर साल्मोनेला किंवा तत्सम जंतू, बहुतेक वेळा कच्ची राहिलेली अंडी, अर्धवट शिजलेले चिकन किंवा दूषित पाणी यांतून आलेला. म्हणजे आज पोट बिघडले की आजच्याच जेवणाला दोष द्यायचा ही चूक. तीन-चार दिवसांमागचे आठवावे लागते.

माणूस मरतो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आणि आपल्याकडे अजूनही काही घरी जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडतात! पाणी दिले की जुलाब वाढतात म्हणे. कृपा करून हे करू नका. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिलढ्यात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करून पाण्यात मिसळल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती देऊन ते पाणी पाजायला सांगितले. जिथे शंभरात तीसपर्यंत माणसे दगावत होती तिथे हे प्रमाण चाराच्याही खाली आले. हे डॉक्टर २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आईच्या हातातली वाटी-चमचा सलाईनचे काम करू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

तीच पुडी आज ओ.आर.एस. म्हणून सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळते. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम घालावी. थोडी थोडी काढून अंदाजाने करू नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर मुलाला अपाय होतो, म्हणून आधी चाखून पाहावे. अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध तोडू नये. पेज, मऊ भात, केळे चालते. मुलांना जुलाबात झिंकच्या गोळ्याही देतात, त्याबद्दल आशाताईंना विचारा. दुकानात खोक्यात मिळणारी गोड फळांची पेये म्हणजे ओ.आर.एस. नव्हे. अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. जुलाब बंद करण्याची गोळी लहान मुलाला आपल्या मनाने देऊ नका, आणि उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत.

शौचात रक्त पडले, ताप १०२ च्या वर गेला, पाण्याचा घोटही टिकेना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडले किंवा रडताना डोळ्यांत पाणी येईना, तर वाट पाहू नका. तान्हे मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस, साखरेचा रोगी यांना लवकरच न्यावे. १०८ वर फोन केला की गाडी येते. आणि दृष्टी दुहेरी झाली, जीभ अडखळू लागली, तोंडाला फेस आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर मीठ-साखरेच्या पाण्यात वेळ घालवूच नका, तडक दवाखाना गाठा. फेस आणि बारीक बाहुल्या ही कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मेली. स्वयंपाकात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. मुले गरिबांची होती. शेतीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घरात तेला-पाण्यासाठी वापरू नका. आमच्या खेड्यापाड्यांच्या वाचकांना हे मुद्दाम सांगतो.

एकाच ठिकाणी जेवून अनेकजण आजारी पडले तर उरलेले अन्न लगेच फेकू नका. थोडे स्वच्छ डब्यात झाकून थंड जागी ठेवा, वर 'खाऊ नये' असे लिहा आणि आरोग्य केंद्राला व अन्न व औषध प्रशासनाला कळवा. केटरर ठरवताना त्याचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांक मागा. नसेल तर त्याला तसे सांगा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ६५ व्या कलमाने, विकलेल्या असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान पाच लाख रुपये, गंभीर इजा झाली तर तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाई मागता येते. पण त्यासाठी पुरावा लागतो, आणि आपण पातेले आधी घासून मोकळे होतो.

त्या लग्नघराचे सांगायचे राहिले. डॉक्टरीणबाईंचा तो रेघा मारलेला कागद मुलाच्या मामाने मागून घेतला आणि घरी येऊन सर्वांपुढे वाचून दाखवला. पायगुणाचे बोलणाऱ्या बाई त्या वेळी पाणी भरायला निघून गेल्या. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, फक्त डोळ्यांना पदर लावला. यंदा फेब्रुवारीत त्याच घरी धाकट्या मुलाची हळद झाली. मटण पंचवीसच्या जागी पंधरा किलो आणले होते आणि रात्री अकराच्या आत ते संपले. उशिरा आलेल्या दोन पाहुण्यांना पिठले-भाकरीवर भागवावे लागले, त्यांनी थोडी कुरकुरही केली. सकाळी मंडपवाल्या पोरांना गरम कांदेपोहे मिळाले. ते आत्याबाईंनी केले होते.